निव्वळ गवतावर

दावं सुटताच रेडा डोंगरावरच्या गवताळ सड्याकडे न वळता वस्तीकडे निघाला. बाकीचे तीन रेडे रोझारियोने मघाशीच सोडले होते.

“सडो थंयसर मां?” एल्टनने मागून डोंगराकडे बोट दाखवलं.

“तो लांबच्या वाटेन जाता,” रोझारियो म्हणाला.

एल्टनचं आजोळ शिरोड्याचं, हॉटेल मडगावात. त्याला रेड्यांचं मांस हवं होतं, तेही निव्वळ गवतावर वाढलेल्या. पेंड नको, खरकटं तर मुळीच नको. दरवर्षी सगळे रेडे घेईन, पण एक सकाळ जनावराबरोबर फिरून मगच हो म्हणेन, अशी त्याची अट. हे जमलं तर बोटीवर भांडी घासणारा रोझारियोचा मुलगा डायलन घरी येऊन बापाबरोबर गोठा सांभाळणार होता. तसं त्याने फोनवर कबूल केलं होतं. अट ऐकून रोझारियोला हसूच आलं होतं. दोन वर्षं तो रोज सकाळी दावी सोडायचा, पाठीवर थाप मारायचा आणि काजूच्या बागेत निघून जायचा. जनावर चरायला जातं, दुसरीकडे कुठे जाणार?

रेडा गुरुप्रसाद मास्तरांच्या मागल्या दारी थांबला आणि चौकटीला शिंग घासू लागला. मास्तरांची म्हातारी आई, अक्का, पेजेचं पातेलं घेऊन बाहेर आली.

“आज उशीर केलंस रे,” ती रेड्याला म्हणाली. मग पाहुणा दिसला तसा तिने पदर सावरला.

“अक्का, ह्येका पेज कित्याक?” रोझारियो पुढे झाला. “तो निसत्या गवतार आसा.”

“कित्याक? आजारी आसा काय?”

“आजारी नाय गो. तेका...”

“ठावक आसा माका. कापतलंस तू तेका. कापूचो आसा म्हणान उपाशी ठेवूचो?”

अक्काच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे, पण पातेलं तिने तळापर्यंत पुसून दिलं.

तिथून रेडा थेट धोंडूच्या टपरीवर. धोंडूने त्याला पाहताच बिस्किटांचा पुडा फोडला, आणि माणसंही आहेत हे लक्षात आल्यावर दोन चहा ओतले. एल्टनचा फोन वाजला. बाकामागून रेड्याने मान पुढे काढली आणि आपलं ओलं नाक त्याच्या कोपराला लावलं. बोलता बोलताच एल्टनने एक बिस्किट चहात बुडवलं, अर्धं तोंडात टाकलं आणि अर्धं मागे दिलं. दुसरंही तसंच. तिसरं अख्खं दिलं. बोलणं संपलं तेव्हा रेडा त्याचा तळहात चाटत होता.

एल्टनने हाताकडे पाहिलं, मग रेड्याकडे. हात पँटला पुसला आणि त्याच हाताने त्याला शिंगांच्या मधोमध खाजवलं.

रोझारियोचा चहा गार झाला. खोटं बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण आपण खरं तेच सांगितलं आणि तेच खोटं निघालं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. डायलनला काय सांगायचं ते तो मनात जुळवू लागला.

“पेज, बिस्किटां चलतली, अंकल,” एल्टन म्हणाला. “मेनूर कायतरी लिवया. पण ह्यो नको माका.”

“ह्येका काय झाला?”

“काय नाय.” एल्टन रेड्याकडे बघत नव्हता. “दुसरो आसा?”

रोझारियोने सड्याकडे नजर टाकली. सडा मोकळा होता. बाकीचे तिघे या घटकेला कोणाकोणाच्या दारात उभे असतील, कोणास ठाऊक.

“आसत तीन,” तो म्हणाला. “पण त्यांच्याबरोबर फिराक येव नको.”