पिशवीचा खुलासा

‘तुम्ही ही पिशवी न बघता पास केलीत.’

साक्री-धुळे गाडीत, मांडीवर रजिस्टर ठेवून, हेमांगीनं हे वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं. पहिल्यांदा ‘तुम्ही’च्या जागी ‘वरिष्ठांनी’ लिहिलं होतं, ते खोडलं. दुसऱ्यांदा ‘बहुधा’ घातलं होतं, तेही खोडलं. बहुधा कसलं डोंबलाचं? ज्या साहेबानं सही ठोकली, त्यानं ती पिशवी खांद्याला अडकवून नुसतं आपल्या बंगल्याच्या फाटकापर्यंत चालून पाहिलं असतं, तरी पट्टा हातात आला असता.

समोर बसलेल्या म्हातारबाबांनी विचारलं, “अर्ज का ताई?”

“खुलासा,” ती म्हणाली. “आपलं काय चुकलं ते आपणच लिहून द्यायचं असतं.”

हेमांगी साक्रीच्या पलीकडं, डोंगरातल्या एका उपकेंद्राची नर्स. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. राहायला धुळ्यात, देवपुरात. रोज पहाटे पहिली एसटी, साक्रीहून छगनची जीप, आणि जीप जिथं थांबते तिथून पुढं पाय. अशा बाईला खात्यानं पिशवी दिली होती ती गुलाबी, पातळ, वर आई-बाळाचं चित्र आणि खाली एक घोषवाक्य. पट्टा एकाच दोऱ्यानं टाचलेला. त्या पिशवीत रजिस्टर, गोळ्या, हिमोग्लोबिनची डबी आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन ती मागच्या मंगळवारी वरच्या पाड्याचा नाला ओलांडत होती. ऐन मधल्या दगडावर पट्टा सुटला. यंत्र खालच्या दगडावर आपटलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

त्या दिवशी वरच्या पाड्यावर रूपाचा दाब मोजायचा होता. रूपाला आठवा महिना. पावलं सुजलेली, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. यंत्राविना हेमांगीनं नुसतं बघितलं आणि “पुढच्या मंगळवारी नक्की,” म्हणून ती खाली उतरली. रूपा हसली होती. ते हसणं हेमांगीला आठवडाभर झोपू देत नव्हतं.

आणि कार्यालयातून आली ती नोटीस. ‘आपल्या हलगर्जीपणामुळे शासकीय साहित्याचे नुकसान झाले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा कंत्राटाच्या नूतनीकरणाबाबत फेरविचार केला जाईल.’ नोटीस हातात देताना पितांबर क्लार्क खाली बघून बोलला होता. माणूस वाईट नव्हता.

“सिस्टर, तुटकी पिशवी फेकू नका. खुलाशाला जोडा. कागदावर कोण विश्वास ठेवतं? वस्तू समोर ठेवली की मग गप्प बसतात.”

म्हणून ती गुलाबी पिशवी घडी घालून तिनं जपून ठेवली होती. तुटका पट्टा, लोंबणारा दोरा, सगळ्यासकट. नोकरी वाचवणारी तेवढीच एक वस्तू होती तिच्याकडं.

धुळ्यात उतरल्यावर ती घरी गेली नाही. पाच कंदिलाच्या बाजाराकडं वळली. पोलिसांचे पट्टे, बूट, शिट्ट्या विकणारं गिरधरशेठचं दुकान तिला माहीत होतं. मजबूत वस्तू जिथं शिपाई घेतात तिथं मिळते, हा तिचा साधा हिशेब.

गिरधरशेठनं आकड्याच्या काठीनं छताला टांगलेल्या बॅगा एकेक उतरवल्या. पाठीवरच्या आधी.

“पाठीवरची नको,” हेमांगी म्हणाली. “नाल्यात उभं राहून पाठीवरून काही काढता येत नाही. आडवी पाहिजे. एका खांद्यावरून, छातीशी ओढून घेता येईल अशी.”

“साइड बॅग म्हना ना मग.”

तिनं घरून आणलेली थैली काउंटरवर रिकामी केली. रजिस्टर, डबा, पाण्याची बाटली, घडीची छत्री, आणि शेजारच्या उपकेंद्रातून हातापाया पडून उसनं आणलेलं दाबाचं यंत्र. पहिल्या बॅगेत सगळं बसलं, पण चेन अर्ध्यावर अडली. दुसरी कॉलेजच्या पोरांची, चकचकीत. तिनं नखानं खरवडलं तर वरचा पापुद्रा निघाला. तिसरीचा पट्टा बोटाएवढा. तो तिनं खांद्यावर घातला, दोनदा उड्या मारल्या आणि काढून ठेवला.

“मानेत रुततो. दिवसभर नाही चालायचा.”

चौथीला तिनं दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. दुकानातला एक शिपाई बूट घालता घालता थांबून बघायला लागला.

गिरधरशेठ हसला. “ताई, पिशवी ली ऱ्हायनी का जवाई देखी ऱ्हायनी?”

“जावई बिघडला तर त्याच्या आईकडं धाडता येतो, भाऊ. ही बिघडली तर मला नोटीस येते.”

शिपाई फसकन हसला. गिरधरशेठही हसला, पण मग त्यानं तिच्या चपलांकडं पाहिलं. टाचेला झिजलेल्या, अंगठ्याला तारेनं शिवलेल्या. तो आत गेला आणि एक गडद हिरवी बॅग घेऊन आला. जाड कॅनव्हास. पट्टा चार बोटं रुंद, मुळाशी चौकोनात फुली मारून दोनदा शिवलेला. चेनवर पावसाची झडप. मागं पाठीला लागून एक चोरकप्पा.

“हाई देख. हाई कदी फाटाव नही. जंगलवाला बठ्ठा हाईच लेतस. डोंगरमा चालनारास्नी बॅग शे ही.”

हेमांगीनं यंत्र आत ठेवलं. बसलं. रजिस्टर मागं, डबा खाली, बाटली बाजूला. तिनं बॅग आडवी घातली, पट्टा ओढून छातीशी घट्ट केला आणि दुकानातल्या दुकानात वाकली, बसली, उठली. बॅग अंगाला चिकटून राहिली. दोन्ही हात मोकळे. तिला उगाच हसू आलं.

“हीच द्या. दुसरा रंग आहे का?”

“रंगना काय करनं तुले? माल देख.”

ते तिला पटलं. रंगाचं काय करायचं?

मंगळवारी ती त्याच रुबाबात निघाली. एसटीत उभी राहिली तरी बॅग कुणाच्या डोक्याला लागली नाही. छगननं जीपमध्ये आरशातून बघून विचारलं, “सिस्टर, बदली का परमोशन?” ती म्हणाली, “परमोशनच समज. स्वतःचं स्वतःला दिलेलं.” नाल्याला घोट्याच्या वर पाणी होतं. त्याच मधल्या दगडावर ती मुद्दाम थांबली, दोन्ही हात पसरले. काही हललं नाही. यंत्र तिच्या छातीशी मुक्यानं बसलं होतं.

नेहमी तिनं नाला ओलांडला की वरून हाक यायची. “शिस्टर उनी वं!” मग पोरं धावत यायची, बाया दारात यायच्या. आज हाक आली नाही. पाड्यावरची आशा कार्यकर्ती नर्मदाबाई बैठकीसाठी साक्रीला गेली होती, म्हणून असेल. चढावर वळण घेतलं तर पुढं तीन बाया डोक्यावर सरपण घेऊन चाललेल्या दिसल्या. एकीनं मागं वळून पाहिलं. क्षणात तिन्ही मोळ्या खाली पडल्या आणि बाया झुडपात शिरल्या. सागाची वाळकी पानं करकर वाजली आणि थांबली.

“अगं, मी आहे!” हेमांगी ओरडली.

तिनं मागं वळून पाहिलं. तिच्या मागं कुणी नव्हतं.

रूपाच्या घरात चूल पेटलेली होती. चहा उतू जाऊन विस्तवावर चरचरत होता. बाजेवर अर्धवट शिवलेली गोधडी, तिच्यात टोचलेली सुई. माणूस नाही. उंबऱ्यावर रूपाची सासू भिकुबाई बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला समोरचा माणूस म्हणजे नुसता रंग दिसायचा. पायाखाली तिनं एक गोणपाट दाबून धरलं होतं. गोणपाटाखालून कोयत्याची मूठ डोकावत होती.

“घरमा कोनी नही शे, साहेब,” म्हातारी आधीच म्हणाली. हात जोडलेले. “आम्ही लाकडं नही तोडी. पडेल काड्या शेतस त्या.”

हेमांगी जागच्या जागी उभी राहिली.

“भिकुबाई, मी हेमांगी. सिस्टर.”

म्हातारीनं मान तिरपी केली. आवाज ओळखला, पण हात जोडलेलेच राहिले. तिनं बोट पुढं करून तो हिरवा रंग चाचपला. कॅनव्हासवरून बोटं फिरवली, बक्कल पकडलं.

“मग ही झोळी कोनी शे?”

“माझी. नवीन घेतली.”

“मागला हप्त्याले अशीच झोळीवाला फॉरेस्टगार्ड उना व्हता. दोन कुऱ्हाडी लई ग्या.” म्हातारीनं हात मागं घेतला. “रूपानी वरथून देखं. हिरवी झोळी चढी ऱ्हायनी. पळी गई ती.”

“कुठं?”

भिकुबाईनं घरामागच्या टेकाडाकडं हनुवटी केली. उभं टेकाड. निवडुंग आणि सुटे धोंडे.

हेमांगीनं बॅग काढून उंबऱ्यावर ठेवली आणि मोकळ्या अंगानं मागं धावली. हाका मारल्या. स्वतःचं नाव घेऊन मारल्या, भिकुबाईचं नाव घेऊन मारल्या. बऱ्याच वेळानं वरच्या धोंड्याआडून लुगड्याचं टोक दिसलं. रूपा एका हातानं पोट धरून, दुसऱ्या हातानं धोंडे धरत उतरत होती. उतरताना ती हसायचा प्रयत्न करत होती.

“शिस्टर, तू व्हय! मी म्हनू...”

पुढचं तिला बोलता आलं नाही. धाप लागली होती. ओठ कोरडे. हेमांगीनं तिला बाजेवर डाव्या कुशीवर निजवलं. पाणी दिलं. लगेच मोजून उपयोग नव्हता, धावलेल्या माणसाचा दाब खोटा बोलतो. ती घड्याळ लावून शेजारी बसली. पंधरा मिनिटं. रूपाची सुजलेली पावलं तिच्या मांडीशी होती, काट्यांनी ओरखडलेली. हेमांगी एकेक काटा काढत बसली.

मग तिनं मोजलं. एकशेसाठ, एकशेदहा. थांबून पुन्हा मोजलं. तेवढंच.

“डोकं दुखतं?”

“दोन रोजथून. डोयापुढं काजवा दिखतस.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोनले सांगू? तू मंगळवारले येनार व्हती.”

हेमांगीनं दवाखान्याला फोन लावला, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दिली आणि छगनला जीप नाल्यापर्यंत आणायला सांगितलं. रूपाला चालवायचं नव्हतं. झुडपातून परतलेल्या त्या तीन बायांनी गोधडीची झोळी करून तिला नाल्यापार नेलं. मोळ्या वाटेवरच पडून होत्या. त्यांतली एक बाई जाता जाता हेमांगीच्या बॅगेकडं बघून म्हणाली, “तुले दुसरी नही भेटनी का वं?” रागानं नव्हे. एखाद्यानं लग्नाला काळा शर्ट घातला तर विचारतात, तसं.

जीपमध्ये रूपाचं डोकं हेमांगीच्या मांडीवर होतं. हिरवी बॅग पायाशी. छगन खड्डे चुकवत राहिला.

“शिस्टर,” रूपा डोळे मिटून म्हणाली, “ती गुलाबी बरी व्हती. दूरथून समजे.”

साक्रीच्या दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळेवर आणलंत. आजची रात्र लक्ष ठेवू.”

बाहेर बाकावर ती बसली. बॅगेच्या चोरकप्प्यातून तिनं घडी घातलेली गुलाबी पिशवी काढली. सोबत नोटीस होती. उद्या सातवा दिवस. पितांबर वाट बघत असणार. तुटका पट्टा, लोंबणारा दोरा, सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं ते बराच वेळ हातात धरलं.

मग ती आत गेली आणि ड्रेसिंगच्या खोलीतून कात्री आणि सुई-दोरा मागून आणला. पट्टा कापून टाकला. पिशवी दोन्ही बाजूंनी उसवली. आई-बाळाचं चित्र वर येईल असं ते कापड हिरव्या कॅनव्हासवर ताणलं आणि कडेनं शिवायला घेतलं. कॅनव्हास जाड, सुई जाता जाईना. दोनदा बोटाला टोचली. शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “एवढी भारी बॅग आन् वर हे फडकं?”

“हो,” हेमांगी म्हणाली.

टाके वेडेवाकडे पडले, पण घट्ट पडले. दोरा दातानं तोडून तिनं बॅग समोर धरली, हात लांब करून, नाल्यापलीकडून कशी दिसेल तशी. मग मांडीवर रजिस्टर घेतलं आणि त्यावर नोटीस ठेवून तिच्या पाठीमागं खुलासा लिहिला. या वेळी एकही शब्द खोडला नाही.

‘तुम्ही ही पिशवी न बघता पास केलीत. पट्टा तुटला, यंत्र फुटलं, हे खरं आहे. तुटलेली पिशवी पुरावा म्हणून जोडता येत नाही, कारण ती वापरात आहे. मी माझ्या पैशानं चांगली पिशवी घेतली, ती जंगलखात्याच्या साहेबाची वाटली म्हणून आठव्या महिन्यातली बाई टेकाड चढून पळाली. तिचा दाब एकशेसाठ-एकशेदहा होता. माझा हलगर्जीपणा मी लिहून दिला. आता मला एवढंच सांगा, साहेब, सरकारी माणसाची पिशवी डोंगरात दिसली की बाईनं पोट धरून पळायचं, हे तिला कुणी शिकवलं? लेखी उत्तर द्यावं. सात दिवसांत.’