नको तेवढा भाग

चेतनाने लाल पेनने एक ओळ खोडली, तिच्याखालचीही खोडली, आणि तिसरीवर पेन टेकवून विचारलं,

"हे 'विमानातून वऱ्हाड' म्हणजे काय?"

"इफेक्ट हाये," गोरख म्हणाला. "इमान येतं, दार उघडतं अन् त्यातनं नवरा-नवरी उतरतात. पुण्यात लई चालतं."

"आणि 'बदामात मंगलाष्टका'?"

गोरखने दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत बदाम काढून दाखवला. चेतनाने तीही ओळ खोडली.

मंचरच्या बाजारपेठेत हस्तीमलशेठचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या सुनेने, चेतनाने, संगणक मांडला होता, आणि त्या श्रावणात ती आसपासच्या धंद्यांची एक सूची तयार करत होती. दसऱ्याला ती छापून घरोघर जायची होती. प्रत्येकाला आगपेटीएवढी जागा. गोरखने आपल्या जागेसाठी आणलेला मजकूर वहीचं पाऊण पान भरून होता.

आठ वर्षं त्याने पुण्यात एका लॅबमध्ये लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं मिक्सिंग, म्हणजे चित्रांची तोडजोड, केलं होतं. मग स्वतःचा संगणक घेऊन तो गावाकडे परतला आणि बसस्टँडसमोर, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली त्याने भाड्याने घेतली. गावोगावचे फोटोग्राफर कॅसेटी आणून देतील, असा त्याचा अंदाज होता. वर्षभरात तिघेच आले. दिवाळीपर्यंत जम बसला नाही, तर पुन्हा पुण्यातलीच नोकरी धरायची, हे त्याने घरी सांगून टाकलं होतं.

"आमच्याकडे गिऱ्हाईक आलं ना, की सासरे कापडाच्या गिरणीचं नाव सांगत बसत नाहीत," चेतना म्हणाली. "आधी विचारतात, लग्न कुणाचं आहे. तुम्ही तुमच्याकडे काय काय आहे ते लिहिलंय. लोक तुमच्याकडे काय मागतात?"

गोरखने खोडलेल्या ओळींकडे पाहिलं.

"कमी करून मागतात," तो म्हणाला. "तीन तासांची कॅसेट कोण बघतंय? लाइट गेलेली, पंगतीत कुणी तोंडापुढं हात धरलेला, असलं काढा म्हणतात. परवा कळंबचा एकजण आलता. म्हणला, मेव्हण्याला काढा. बोलणं बंद झालंय त्यांचं."

"काढलंत?"

"काढलं की. होता हे कळत पण न्हाई."

चेतना हसली. मग कोरा कागद ओढून तिने एका दमात लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'तुमच्या लग्नाच्या कॅसेटमधला नको तेवढा भाग अलगद काढून मिळेल. होता हे कळणारही नाही.' खाली नाव आणि पत्ता.

गोरखने ते दोनदा वाचलं. शेवटचे शब्द त्याचेच होते, पण कागदावर ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

"एवढंच?"

"एवढंच."

दसऱ्याला सूची घरोघर गेली आणि आठवड्याभरात गिरणीच्या जिन्यावर चपला दिसू लागल्या. फोटोग्राफर नव्हे, घरचीच माणसं यायची. पिशवीतून कॅसेट काढायची आणि हळू आवाजात बोलायची. कुणाला वरातीतला दारू प्यालेला चुलता नको होता, कुणाला मांडवातली भांडाभांडी. एका म्हाताऱ्याला स्वतःच्याच तोंडचं एक वाक्य काढून हवं होतं. गोरख खिडकीला घोंगडी लावून दिवसभर अंधारात बसे. खालची गिरणी सुरू असली की जमीन बारीक थरथरे आणि पडद्यावरची माणसंही थरथरल्यासारखी वाटत. संध्याकाळी तो पीठ उडत असलेल्या जिन्यावरून खाली उतरे तेव्हा रस्त्यावरची गर्दी त्याला आवाजाविना, सावकाश हलताना दिसे. इथून इथपर्यंत तोडलं तर जोड दिसणार नाही, असं त्याच्या मनात येई. पुण्याला परत जायची गोष्ट घरी पुन्हा निघाली नाही.

दिवाळी संपली आणि अवसरी बुद्रुकच्या साळुबाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा संपत होता. तो आत आलाच नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून रस्त्याकडे बघत राहिला. साळुबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. आवाज इतका हळू, की गोरखला पुढे वाकावं लागलं.

"माज्या हर्षालीच्या लग्नाची हाये," त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली. "चार वर्सं झाली. पावणं आलं की आमच्यात हीच लावायची रीत पडलीया. आता मार्गशीर्षात संपतच्या नव्या सोयरिकीची मानसं यायचीत. त्यांच्यापुढं ती दिसाया नको."

"ती म्हंजे?"

"आदीची. संपतची. काडीमोड झालाया, दोन वर्सं व्हतील आता."

जिन्यावर संपतने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"मी कसं वळखू त्यांना?"

"जांभळी साडी हाये अंगावर. मुक्ता नाव. पर नाव कशाला लागतंय तुमाला."

"पंधरा दिवस द्या," गोरख म्हणाला.

कॅसेट संगणकात उतरवून झाली की गोरख ती एकदा उलटी पळवून बघे. काम करण्यापूर्वीची ती त्याची सवय होती. त्याही दिवशी त्याने तसंच केलं. पाठवणीची जीप मागे मागे येऊन मांडवाच्या दाराशी थांबली, हर्षाली तिच्यातून उलटी उतरून आईच्या कुशीत शिरली. रडणं ओसरत हसण्यावर आलं. डोक्यांवरच्या अक्षता उडून लोकांच्या मुठींत परत गेल्या. आणि या सगळ्यातून ती जांभळी साडी मागे मागे चालत, प्रत्येकाच्या हातातून काहीतरी काढून घेत निघाली होती. कुणाच्या हातातला पेला, कुणाच्या मांडीवरचं मूल, कुणाच्या खांद्यावरची शाल.

सरळ लावल्यावर त्याला कळलं, की ती ते सगळं देत होती. नवरीच्या सुटणाऱ्या मुंडावळ्या बांधत होती, समईची वात पुढे करत होती, एका म्हाताऱ्याला पत्रावळीने वारा घालत होती, मांडवात शिरलेल्या कुत्र्याला पदराने हुसकत होती. जिथे नवरी तिथे ती. तिला तोडलं की नवरीही तुटे. गोरख चौकट सरकवू लागला, मोठी करू लागला, कुठे झेंडूचं तोरण आडवं आणू लागला. आवाजाचीही पंचाईत होती. कुणी बाई मांडवभर सारखी तिला हाका मारत होती. त्याने सगळा आवाजच काढला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई लावून दिली.

एक तुकडा मात्र त्याच्या हातून लवकर सुटेना. कॅमेरा बंद करायला कॅमेरावाला विसरला होता. भर दुपार, मांडव रिकामा, आणि ती एकटी कनातीला टेकून डोळे मिटून उभी. छताच्या लाल-पिवळ्या कापडातून उतरलेलं ऊन तिच्या तोंडावर हलत होतं. अर्धा मिनिट तेवढंच. मग कुणीतरी हाक मारली असावी. तिने डोळे उघडले आणि चौकटीबाहेर गेली. गोरखने तो तुकडा कितीदा पाहिला, ते त्यालाच आठवत नव्हतं.

काढलेला भाग, आणि जिथे चौकट बदलली तिथलं मूळ चित्रही, तो लगेच पुसत नसे. गिऱ्हाइकाची पसंती होईपर्यंत वेगळ्या कॅसेटवर घेऊन ठेवी, आणि उरलेलं लग्न गिऱ्हाइकाच्याच कॅसेटवर परत उतरवी. या वेळी तीन तासांच्या लग्नाचा सव्वा तास उरला होता आणि वेगळा ठेवलेला भाग दोन तासांचा होता. पण काम असं साधलं होतं की त्याचा त्यालाच अभिमान वाटला.

साळुबाई ठरल्या दिवशी दुपारी एकट्याच आल्या. संपत त्यांना खाली सोडून विहिरीवरच्या मोटारीचं वायंडिंग करून घ्यायला गेला होता आणि संध्याकाळी घ्यायला येणार होता. गोरखने घोंगडी नीट केली आणि कॅसेट लावली.

सनई सुरू झाली. साळुबाईंचा चेहरा उजळला. हर्षाली हळदीला बसली, बाशिंग बांधून नवरदेव आला. त्या मान डोलवत पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांची मान थांबली.

"समई कुनी लावली?"

समई तोरणाआडून एकदम पेटलेली दिसत होती.

पडद्यावर साळुबाई मांडवात बसल्या होत्या. हात रिकामा होता. पुढच्या क्षणी त्यात पाण्याचा पेला होता आणि त्या घटाघटा पाणी पीत होत्या.

"चक्कर आलती मला तवा," त्या म्हणाल्या. "उन्हाचं."

सनई वाजत राहिली. मुंडावळ्या आपोआप सरळ झाल्या. शाल खांद्यावर आपली आपण आली. पाठवणीची वेळ झाली. हर्षाली जीपमध्ये बसली, आणि मागे उरलेल्या साळुबाईंचा नुसता चेहरा पडदाभर आला. रडून विस्कटलेला, एका बाजूला कललेला. कपाळ कशावर तरी टेकलं होतं. ज्यावर टेकलं होतं तिथे गोरखने धूसर पांढरं केलं होतं.

"थांबवा."

चित्र थांबलं. खालची गिरणीही बंद होती. साळुबाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्या पांढऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"मी कुनाच्या अंगावर पडलीया?"

"तुमीच म्हणला व्हता, आत्या," गोरख म्हणाला. 'आत्या' तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. "जांभळी साडी दिसाया नको म्हणून."

त्या परत येऊन बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"काडलेलं कुठं जातं?"

"तुमची पसंती झाली की पुसतो."

"म्हंजी अजून हाये?"

"हाये."

"लावा."

त्याने दुसरी कॅसेट लावली. तिच्यावर सनई नव्हती. मांडवाचा सगळा गलका खोलीत शिरला, भांड्यांचा आवाज, पोरांचं रडणं, आणि सगळ्यांच्या वरून एक खणखणीत हाक.

"मुक्ते! अगं ए मुक्ते!"

गोरखने चमकून बाजूला पाहिलं. या खोलीत जिचा आवाज ऐकायला त्याला वाकावं लागलं होतं, तिचाच तो आवाज होता. मुक्ते, पानी आन. मुक्ते, अक्षदा कुठंयत? मुक्ते, पोरगं घे त्याचं. दर दोन-चार मिनिटांनी हाक येई आणि जांभळी साडी जिथे असेल तिथून वळे. एकदा ती चुलवणापाशी मोठ्या पातेल्यांच्या आडोशाला जेवायला बसली होती. दोन घास झाले असतील. हाक आली. हातातला घास तसाच ताटात ठेवून ती उठली, आणि ते ताट कॅमेऱ्यात एका कोपऱ्यात दिसत राहिलं.

साळुबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. लाल-पिवळ्या उजेडातली, डोळे मिटलेली मुक्ता आली तेव्हा त्या किंचित पुढे झुकल्या. तो तुकडाही हाकेनेच संपला.

मग पाठवणी आली. चौकट पूर्ण होती. साळुबाई मुक्ताच्या खांद्यावर कोसळल्या होत्या आणि मुक्ता एका हाताने त्यांना सावरून दुसऱ्या हाताने त्यांचा पदर डोक्यावर नीट करत होती. ती स्वतःही रडत होती. ते तेव्हा कुणी पाहिलं नसावं.

पडद्यावर मुंग्या आल्या. गोरखने घोंगडी बाजूला केली आणि कलतं ऊन खोलीत आलं. दोघांनाही क्षणभर काही दिसेना.

"परत व्हती तशी करून देऊ का?" त्याने विचारलं. "दोन दिवसांचं काम."

"नको."

"मग?"

"पुन्याच्या रस्त्यावर पेठ गाव हाये, तितं असती ती," साळुबाई म्हणाल्या. "भावाकडं. हर्षी जाती कदीमदी तिच्याकडं. मला सांगत न्हाई, पर मला म्हाईत हाये." त्यांनी हात पुढे केला. "ती द्या. काडलेली."

गोरखने कॅसेट डबीत घातली आणि सवयीने पेन उघडलं.

"नाव काय टाकू?"

"मुक्ता टाका."

"आडनाव?"

साळुबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं.

"नुसतं मुक्ता टाका."

त्यांनी डबी पिशवीत घातली. पिशवीत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं, ते वर काढून त्यांनी डबी तळाशी सरकवली आणि ते पुन्हा वर ठेवलं.

"ही नवी?" गोरखने सनईवाल्या कॅसेटकडे बोट दाखवलं.

"राहू द्या हितंच. पावण्यांना काय दावायचं, ते मी आल्यावर सांगते."

"संपतभाऊ आले तर?"

त्या जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. मागच्या वेळी मुलगा उभा राहिला होता त्याच पायरीवर.

"खरं ते सांगा," त्या म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत उतरू लागल्या.

गोरख सज्जात गेला. खाली अवसरीची जीप भरत आली होती. ड्रायव्हरने साळुबाईंना ओळखलं आणि "चला मावशी, एकच जागा हाये!" असं ओरडला. त्यांनी त्याच्याकडे बघून हात हलवला, नको म्हणून. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांची रांग संपेपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, मग पदर खोचून पलीकडे गेल्या. पुण्याकडच्या गाड्या तिथे थांबतात.

पहिली जीप थांबली नाही. दुसरीही भरलेली होती. तिसरीला त्यांनी पिशवीसकट हात वर केला. ती थोडी पुढे जाऊन उभी राहिली, तशा साळुबाई त्या वयात धावल्या. खिडकीशी वाकून त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. मागच्या बाजूने त्या चढू लागल्या, आणि आत बसलेल्या बायका सरकून त्यांना जागा करून देऊ लागल्या.