धरणारं माणूस

“धरणारं माणूस कोन?” तालमीच्या रंभाजी मास्तरांनी मान वर न करताच विचारलं.

“झुंबर,” रंगनाथच्या तोंडून निघून गेलं.

“आल्या का वैनी?”

“वर गेली फुडं. गडाच्या पायथ्याला.”

मास्तरांनी त्याच्या बनियनवर कापडी नंबर टाचला, पाठ थोपटली आणि ते पुढच्या गड्याकडे वळले. रंगनाथ सायकल घेऊन बाजूला झाला. आपण काय बोलून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. त्याची बायको झुंबरबाई पोळ्याच्या सुमारास गेली होती आणि आता संक्रांत उलटली होती. पण मास्तरांचा प्रश्न दरवर्षीचा, त्याचं उत्तरही दरवर्षीचं. जिभेला कुणी निरोप दिलाच नव्हता.

ही वांबोरीच्या तालमीची शर्यत. नव्वद सालानंतर कुण्या हौशी पोरांनी सुरू केली आणि कुणी बंद केली नाही म्हणून चालू राहिली. वांबोरीतून घाटाच्या कडेच्या जुन्या गाडीवाटेने सायकल दामटत गोरक्षनाथ गडाचा पायथा गाठायचा. तिथे सायकल ठेवून पायी पळत मागच्या पायवाटेने गड चढायचा, धारेवरून वळसा घेऊन खाली उतरायचं आणि तीच सायकल घेऊन परत वांबोरी. पहिल्या आलेल्याला स्टीलची कळशी. कळशी रंगनाथच्या घरी कधी आली नाही. नारळ मात्र पहिलं वर्ष सोडलं तर दरवर्षी आला, पण नारळ काय, शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकालाच मिळायचा.

मेख होती ती पायथ्याला. ओझं कमी व्हावं म्हणून सगळे आपापल्या सायकलींचं स्टँड, कॅरियर, मडगार्ड काढून टाकायचे. मग सायकल उभी राहणार कशी? आडवी टाकावी तर चेनमध्ये माती आणि टायरमध्ये बाभळीचे काटे. म्हणून तालमीने नियमच करून टाकला होता, की ज्याने त्याने आपलं धरणारं माणूस आणायचं. माणूस नसेल तर गडावर सोडायचं नाही. कुणाचा भाऊ यायचा, कुणाचा मेव्हणा. पुण्याच्या गिअरवाल्या पोरांचे मित्र गॉगल लावून यायचे. बाकी बहुतेकांच्या बायकाच.

रंगनाथने माणूस शोधला नव्हता असं नाही. लेक दिपाली काष्टीला दिली होती, ती येते म्हणाली होती. काल तिचा निरोप आला, पोराला ताप भरलाय. शेजारच्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. “आरं, शिंगणापूरचा गडी तू, तुझी सायकल कोन नेतंय? दे टाकून आन पळ.” गावात कुणाच्या घराला दार नाही, कुलूप नाही. राखण बसायचं म्हटलं की गावाला हसूच येतं. रंगनाथच्या घरालाही दार नव्हतं, झुंबरबाईने शिवलेला पडदा तेवढा होता. कुणीही आत यावं असं घर. पण तेरावं झाल्यापासून वारा आणि शेजारची मांजर सोडली तर त्या घरात कुणी आलं नव्हतं.

तो गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता. सकाळी मोटार चालू करायची, टाकी भरेस्तोवर तिथेच उभं राहायचं, मग वाडीवाडीचे व्हॉल्व्ह फिरवायचे. “रंगा, पानी कवा येनार?” याच्यापलीकडे त्याच्याशी कुणी वर्षभर बोलत नसे. त्या नोकरीत हलायला काही नव्हतं, म्हणून असेल, पण वर्षातून एक दिवस तो जीव खाऊन पळायचा. त्या दिवशी लोक त्याला नावाने हाक मारायचे. झुंबर गेल्यावर त्याचं स्वतःचं असं एवढंच उरलं होतं. शर्यत पुरी करून नारळ घरी आणायचा, मग पुढचं पुढे बघता येईल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

शिट्टी वाजली. गाडीवाटेने धुरळा उठला. पहिल्याच चढावर पुण्याची पोरं जाड टायरवरून उड्या मारत पुढे गेली आणि रंगनाथ आपल्या काळ्या बावीस इंची सायकलवर उभा राहून पायडल हाणू लागला. छातीचा भाता झाला, घाम डोळ्यांत उतरला, तरी त्याला बरं वाटत होतं. एवढ्या धापेत माणसाला रडूही येत नाही. चढ जसजसा सरत आला तसतसं मात्र पायथ्याचं काय, हा घोर परत लागला. मास्तर जीपमधून पुढे जाऊन तिथेच उभे असणार होते.

पायथ्याला नेहमीसारखी ओळ लागली होती. ओळीच्या टोकाला बाभळीखाली मुक्ताबाई उभी होती. वांबोरीच्या बजरंगची बायको. बजरंग येऊन गडाला लागलाही होता आणि त्याची सायकल तिच्या हातात होती. झुंबर आणि ती दरवर्षी शेजारी उभ्या राहायच्या. वर्षातून एकदाच भेटायच्या, पण मानलेल्या बहिणी झाल्या होत्या.

“दाजी, ताई कुठं ऱ्हायली?” मुक्ताबाई लांबूनच ओरडली. “ही बगा, सावलीतली जागा धरलीया तिच्यासाटी.”

रंगनाथ उतरला. तिच्याजवळच्या जागेवरचे काटे आणि खडे कुणीतरी पायाने बाजूला सारून साफ केले होते.

“ताई न्हाई येनार,” तो म्हणाला. “पोळ्याच्या वक्ताला गेली ती. काविळीनं.”

मुक्ताबाईने पदर तोंडाला लावायला हात उचलला, पण सायकल कलंडायला लागली तसा पुन्हा खाली घेतला. डोळे वाहत होते ते तिने वाहू दिले.

रंभाजी मास्तर आले. त्यांनी ऐकलं होतं. “रंगनाथराव,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “आसं का सांगितलं ओ मला? आन आता माणूस न्हाई तर मी तुमाला वर कसं सोडू? मागं चार जन बोलतील.”

“माज्याकडं द्या,” मुक्ताबाई म्हणाली. “ताईची सायकल मी धरते. दोन हात हायेत देवाच्या दयेनं.”

मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रंगनाथकडे, आणि मान हलवली. “जावा. पळा. लई मागं पडलाय.”

सायकल हातात घेताच मुक्ताबाईने तिचं तोंड वांबोरीच्या वाटेकडे फिरवलं आणि वाकून उजवं पायडल वर आणलं.

“हे कशापाई?” रंगनाथने विचारलं.

“ताईनं शिकिवलं. गडी वरून येतो तवा त्याच्या डोळ्याला काय दिसत न्हाई. पायडल वर आसलं की पाय आपसूक पडतो, म्हनायची. मी म्हनायची, ताई, आडवी टाका की, तुमच्या गावात कुलूप बी लावत न्हाईत. तर म्हनायची, चोराचं भ्या न्हाई गं. पैल्या वर्साला आडवी टाकल्याली. हे आले, उचलायला वाकले आन गपकन बसले. पायात गोळे आले, मंग उठवलंच न्हाई त्यांना. शर्यत गेली. लई बोलले मला तवा.”

रंगनाथला ते आठवलं. बोलला होता खरा, चार माणसांत बोलला होता. नंतर तो ते साफ विसरून गेला. पुढच्या प्रत्येक वर्षी सायकल उभी मिळाली, तोंड वाटेकडे, पायडल वर, आणि त्याला वाटत राहिलं की सायकल अशीच असते.

“पळा की दाजी!”

तो पळाला. करवंदीच्या जाळीला वळसा घालून पहिल्या चढावर आला आणि तिथे त्याने एक गोष्ट केली, जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. त्याने मागे वळून पाहिलं. बाभळीची सावली एवढ्यात सरकली होती. मुक्ताबाई उन्हात दोन्ही हातांनी दोन सायकली धरून उभी होती. डोक्यावरचा पदर वाऱ्याने खाली आला होता आणि तो सारखा करायला तिच्याकडे हात नव्हता.

पाय पुढे जाईनात. वर धारेवर पोरांचा गलका चालला होता. अजून मागे टाकण्यासारखे दोघे-तिघे होते, दमही होता. एकदा खाली उतरलं की यंदाची शर्यत गेली, नारळ गेला, सगळंच गेलं, हे त्याला पक्कं कळत होतं. तरी तो उतरू लागला.

“काय झालं? पाय मुरगाळला व्हय?” मुक्ताबाई घाबरून म्हणाली.

“न्हाई. आना त्या दोनी हिकडं. तुमी बसा सावलीला.”

“आन शर्यत?”

“ऱ्हाऊ द्या.”

“आवो, पर आमचे आले तर...”

“आले तर देतो. म्हाईत झालंय आता कशी द्यायची ते. बसा तुमी.”

मुक्ताबाई बसली. बसल्यावर तिने गुडघे चोळले. मास्तरांनी लांबून हाताने ‘काय?’ म्हणून विचारलं, रंगनाथने मान नकारार्थी हलवली. 

मग तो नुसता उभा राहिला. उभं राहणं त्याला नवं नव्हतं, पण पंपाजवळ मोटारीचा आवाज तरी असतो. इथे काहीच नव्हतं. ऊन मानेवर आलं. पायांना मुंग्या आल्या. समोरच्या गडावर बनियन घातलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती आणि कोण कुठला ते अजिबात ओळखू येत नव्हतं.

“हितनं तर कायच वळकू येत न्हाई,” तो म्हणाला.

“न्हाईच येत. पर ताई दावायची मला. त्यो बग, त्यो वाकून पळतोय त्यो आमचा. मला काय दिसायचं न्हाई, मी आपली व्हय म्हनायची.” मुक्ताबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. “तिला दिसत आसंल.”

रंगनाथने वर पाहिलं. एवढ्या वर्षांत तिथून त्याने एकदा हात केला असता तर काय बिघडलं असतं, असं त्याला वाटलं. आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं रडू त्याला आलं. डोळे पुसता येत नव्हते, दोन्ही हात गुंतले होते.

पहिली पोरं उतरली, सायकली घेऊन गेली. मग बजरंग आला. तोंडाला फेस, डोळे तारवटलेले. रंगनाथने त्याची सायकल एक पाऊल पुढे धरली. बजरंगने हँडल हिसकावलं, पाय पायडलवर टाकला आणि तो गेलासुद्धा. धरणारा हात कुणाचा होता, हे त्याने पाहिलं नाही.

“बगितलं?” मुक्ताबाई हसली. “म्हैस जरी हुबी केली आसती तरी कळलं नसतं बाबाला.”

रंगनाथला हसू आलं नाही.

सगळे उतरून गेले तशी जीप निघायला लागली. मास्तर म्हणाले, “चला रंगनाथराव, सायकल टाका टपावर. नारळ देतो तुमाला, कोन काय बोलत न्हाई.”

“नारळ शर्यत पुरी करनाऱ्याला आसतो, मास्तर. तुमी व्हा फुडं. मी येतो उताराला लागून.”

मुक्ताबाई जीपमध्ये बसताना म्हणाली, “दाजी, फुडल्या साली या. सायकल मी धरीन.” त्याने मान हलवली, पण तो काय म्हणाला ते जीपच्या आवाजात ऐकू आलं नाही.

धुरळा खाली बसला. पायथ्याला आता केळीची सालं, कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली आणि रंगनाथ एवढंच उरलं होतं. तो साफ केलेल्या जागेवर जाऊन उभा राहिला. सायकलचं तोंड वाटेकडे केलं आणि वाकून उजवं पायडल वर आणलं. गडावरून आता कुणीही उतरायचं राहिलं नव्हतं. तरी तो एक हात सीटवर आणि एक हँडलवर ठेवून बराच वेळ सायकल धरून उभा होता.