दुधरामच्या पिकअपचे नवे दिवे

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, पाटाला लागून असलेल्या एका गावात, दुधरामच्या अंगणात एक पांढरी पिकअप गाडी उभी असते. मित्रांनो, ती मी. पांढरी हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे; प्रत्यक्ष पाहाल तर वाद घालाल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझी कसून तपासणी झाली. त्यानंतर फारशी कोणी केली नाही. चौदा वर्षं मी धानाची पोती वाहिली, कोंडा वाहिला, एका लग्नात नवरदेव वाहिला आणि एकदा वनखात्याचा पिंजराही वाहिला. पिंजरा रिकामाच परत आणला. नागझिऱ्याकडचा बिबट ठरल्या वेळी आला नाही. कौतुक म्हणाल तर दसऱ्याला एक हार. तेवढ्यावर वर्ष काढायचं असतं.

माझं खरं काम रोवणीच्या दिवसांतलं. तेव्हा दुधराम उजाडायच्या आधी गावातल्या सोळा बायांना आसपासच्या गावांत धान रोवायला नेतो. मी मालवाहू गाडी. माझ्यात माणसं बसवणं नियमात नाही. बायाही बसत नाहीत, उभ्याच असतात.

चार वर्षांपूर्वी दुधरामची बायको वच्छला मागच्या बायांतून निघून पुढं त्याच्या शेजारी बसू लागली. टोळीची म्होरकी मंदाबाई म्हणायची, "काऊन वो वच्छला, म्हातारपणी जोडीनं फिरून राहिली?" वच्छला हसायची. आत मात्र वेगळंच चालायचं.

"डाव्या अंगानं घ्या. समोर बैल हायेत. आता मोरी आली, हरू घ्या."

ती बोलायची, तो स्टेअरिंग फिरवायचा. दुधरामला दिसेनासं झालं होतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. डोळे गेले म्हटलं की स्टेअरिंग जाणार, मग ओट्यावर बसून कोंबड्या हाकलायच्या, याची त्याला धास्ती. म्हणून तो सगळ्यांना एकच सांगायचा, "गाडीचे लाइट कामातून गेले."

मित्रांनो, आरोप सहन करायची गाडीला सवय लागते. मी सहन केला.

यंदा रोवणीच्या तोंडावर वच्छलाला शेजारी बसवून त्यानं मला गोंदियात नेलं. तिथं भुपेंद्र गाड्यांचं वायरिंग करतो. त्यानं माझे दिवे लावून पाहिले, मग दुधरामकडं पाहिलं.

"काका, बल्ब तो ठीक है. आँख दिखाई कहीं?"

"डोऱ्याले काय झालं? तू एलईडी बसव."

भुपेंद्र दुकानदार होता, डॉक्टर नव्हता. त्यानं बसवले. पुढं दोन, बंपरखाली दोन, मागं लाल, बाजूंना निळे आणि टपावर एक लांबलचक पट्टी. माझ्या काचा जुनाट पिवळ्या, त्यांच्या आत हा उजेड. म्हातारीला शालू नेसवावा तशी मी घरी आले.

"आता लख्ख दिसते," दुधराम वच्छलाला म्हणाला. "उद्यापासून तू मांगं जाय."

"खरंच दिसते?"

"एवढा उजेड हाये. आंधऱ्याले बी दिसन."

चार वर्षांत तो इतक्या आनंदानं बोलला नव्हता. ती मागं गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाची बारीक झड लागली होती. त्यानं सगळे दिवे लावले. पाटाचा रस्ता असा उजळला की मला खडा अन् खडा दिसत होता. दुधरामला पांढरा धूर दिसत होता. मोतीबिंदूवर जितका उजेड टाकावा तितका डोळा दिपतो, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. समोरून सायकलवर बकाराम येत होता, पाटाचं पाणी शेतात सोडायला निघालेला. मला तो केव्हाच दिसला होता. पण सांगायला माझ्याकडं फक्त हॉर्न, आणि तोही दुधरामच दाबतो.

मागून वच्छलानं टपावर थापा मारल्या. "थांबवा! सायकल हाये!"

ब्रेक लागले तोवर बकाराम सायकलसकट पाटात गेला होता. माझं पुढचं चाक अगदी काठावर थांबलं. मागं सोळा बाया एकमेकींवर कोसळल्या.

बकाराम छातीभर पाण्यात उभा राहिला आणि पायानं सायकल शोधू लागला. "दुधराम, कोसभरावरून मले तुयी गाडी दिसून राहिली. तुले मी नाई दिसलो?"

दुधरामनं दिवे बंद केले. खाली उतरला आणि चाकापासून काठ किती दूर आहे, ते हातानं चाचपून पाहिलं. ते सगळ्या बायांनी पाहिलं. मंदाबाईनं पदर खोचला.

"चला वो बायाहो, पायी. आणि भाऊ, पह्यले डोरे. गाडी मंग."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होईपर्यंत मी दोन महिने अंगणात उभी होते. माझ्या हौद्यात कोंबडीनं अंडी घातली. मग एका सकाळी दुधराम काळा चष्मा काढून माझ्याभोवती हळूहळू फिरला.

"हा पत्रा कधी सडला? हे तारेनं कोनं बांधलं?"

"तुमीच," वच्छला म्हणाली. "तीन वर्सं झाले."

मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. कपाळावरचे पांढरे केस, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. बराच वेळ पाहिलं.

"मायाकडं काय पाहून राहिले? मले बी भुपेंद्रकडं नेता का?"

"नाई," तो म्हणाला. "तू दिसून राहिली."

तेव्हा मित्रांनो, दिसेनासं झालं की आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्या. गाडी कुठं पळून जात नाही. शेजारी बसून कोणी रस्ता सांगत असेल, तर त्याला मागं पाठवू नका. आणि अधूनमधून काचा धुवा. त्या दिवशी माझ्या कोणी धुतल्या नाहीत. ती दोघं चहा प्यायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाहीत.