तिसरा ठिपका

या हो, असे जवळ सरका, मागच्यांनाही जागा द्या. गोष्ट सांगतो ती रक्ताची आहे, पण ऐकायलाच हवी.

बोंडअळीनं बोंडं पोखरली त्या वर्षी दिग्रसजवळच्या एका जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, लोकांनी काटे दुरुस्त करणाऱ्या कलीमला धरलं. घरून तोलून आणलेला कापूस इथं कमी भरत होता, अन् टांगत्या काट्याची कमानी, म्हणजे आतली स्प्रिंग, कालच कलीमनं बदलली होती. शाळेत गणित शिकवणाऱ्या कोकिळाबाई आपला कापूस घेऊन पोचल्या तेव्हा त्याचा जबडा फुटला होता, अन् कापूस घेऊन आलेले पुंडलिकराव बैलगाडीची उभारी, तो बाजूचा उभा दांडा, उपसून त्याच्या बोटांवर हाणत होते.

"काहून काटा मारला? बोल!"

बाई मधे आडव्या आल्या. उभारी त्यांच्या खांद्यात बसली.

"सरका, बाई! चोराले कायले वाचवून राह्यल्या?"

"चोर हाय का नाही, काटाच सांगीन. मापं लटकवा!"

दहा किलोचं माप लावलं, काटा आठवर. विसाचं लावलं, अठरावर. बाईंनी चुन्याच्या भिंतीवर कोळशानं दोन रेघा ओढल्या. आडवीवर खरं वजन, उभीवर काट्याचं. दोन ठिपके दिले, जोडले.

"कमानी खोटी असती तं विसाले चार तुटले असते. तूट तेवढीच हाय. रेघ मागं नेली तं शून्याच्या खाली, दोनावर जाते. रिकामा काटा खिळ्याले अडून शून्य दाखवते, एवढंच."

"दोन ठिपके कोणीबी जोडते," पुंडलिकराव थुंकले. "तिसरा दाखवा. रेघेवर नाही बसला तं याले काट्याच्या याच आकड्याले टांगतो."

"तीस लावा. अठ्ठावीस आलं पाह्यजे."

माप चढेपर्यंतही कोणाला दम नव्हता. मागून कोणीतरी कलीमच्या पोटात लाथ घातली; तोंडातून रक्ताची गुळणी आली. काटा थरथरला, अठ्ठाविसावर थांबला. ठिपका रेघेवरच बसला.

"दोन किलो म्हणजे झोळीचंच वजन. डोंगरसिंग, कापूस टांगाची झोळी कुठी हाय?"

काटेदार डोंगरसिंगाचं तोंड उतरलं. "सकाळीच फाटली, बाई. गाठोडे दोरीनंच टांगले. झोळीच्या वजनासाठी काटा मागं घेतलता... तो पुढं घ्याचाच राह्यला."

उभारी खाली पडली. पुंडलिकराव पाणी घेऊन धावले. ते पाणी कलीमच्या ओठांवरून रक्तासोबत वाहून गेलं.

"बसला का, बाई?" कलीमनं विचारलं.

"बसला, कलीमभाऊ. बरोब्बर."

त्यानं मान टाकली, ती कायमचीच.

बाबांनो, देवापुढं हात जोडाल तेव्हा या कलीमची आठवण तेवढी ठेवा.