लादीखालचा तपकिरी थर

प्रयोगशाळेच्या साहेबांशी मी आदल्या दिवशी चांगलीच हुज्जत घातली होती. "दादा आता ठणठणीत आहे. टाकीचं काम सोपवा त्याच्यावर, काही बिघडलं तर माझा कान पकडा." साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "उद्या आणा त्यांना. बघू."

बघू म्हणे! ही टाकी भरली कुणी? माझा भाऊ ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फाखाली बुड्या मारायचा. टाकीतली क्रिलची पिल्लं, कोळंबीसारखी पण नखाएवढी, त्यानेच आणलेली. मागच्या मोहिमेत बर्फाखाली त्याची हवा संपली. वर काढला तेव्हा काळानिळा पडला होता. तेव्हापासून घरीच. कधी अगदी पूर्वीसारखा बोलतो, तर कधी चहात मीठ घालतो. वहिनी डोळे पुसते आणि मी तिच्यावरच डाफरते, "रडतेस काय? हाताला काम मिळालं की होईल बरा." मला तसं वाटतच होतं. वाटून घ्यायचं होतं, असं म्हणा.

सकाळी मी त्याला शीतखोलीत नेलं. टाकीवर बर्फाची जाड लादी, तिच्या खालच्या अंगाला तपकिरी शेवाळाचा थर. पिल्लं तिथे उलटी लटकून कंगव्यासारख्या पायांनी तो थर खरवडत होती. दादानेच मला शिकवलेलं, "हिवाळ्यात पाण्यात खायला फारसं काही नसतं. मोठी क्रिल पोट आवळून दिवस काढते, अंगाने आक्रसतेसुद्धा. पिल्लांच्या अंगात कुठला आलाय साठा? ती जगतात या शेवाळावर." म्हणून तर सबंध हिवाळा मी मंद दिव्याखाली तो थर जिवापाड वाढवला होता.

दादा काचेला नाक लावून हसत होता. इतक्या महिन्यांनी हसला! माझा जीव भांड्यात पडला. "इथेच थांब हं, साहेबांना घेऊन येते," म्हणून मी गेले.

साहेबांच्या दोन पावलं पुढे मी परत आले. काच पुसायचं लांब दांड्याचं पातं दादाच्या हातात होतं. लादीचा तळ पांढराशुभ्र. खरवडलेलं सगळं टाकीच्या गाळणयंत्राने ओढून नेलं होतं.

"किती घाण साठवलीस गं," तो कौतुकाने म्हणाला.

मागून साहेब आत आले. टाकीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "हे कुणी केलं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं. "माझ्याकडून झालं. मला वाटलं, घाण आहे."

दादा गर्रकन वळला. "घाण? अगं बये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते शेवाळ आहे! मोठी क्रिल उपाशीपोटी तग धरेल, ही पिल्लं नाही धरायची. शंभरदा सांगितलंय तुला!" एक शब्द चुकला नाही. तोच जुना आवाज, तोच जुना ताठा. या ओरडण्यासाठी मी किती तळमळले होते.

साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. ते दादाच्या हाताकडे बघत होते. पात्यावरून तपकिरी पाणी त्याच्या बाहीवर ओघळत होतं.

टाकीत पिल्लं पुन्हा लादीला जाऊन लटकली होती. पाय चालूच होते.

"आता खातील काय ती?" दादा मला विचारत होता. "बोल ना, खातील काय?"

साहेबांनी हळूच त्याच्या हातातलं पातं काढून घेतलं.