वरातीतला सॅक्सोफोन थांबायला शिकतो

मी सॅक्सोफोन बोलतोय. दचकू नका, हळूच बोलेन. पूर्वी मला हळू बोलताच येत नव्हतं. सगळं आयुष्य वरातीत गेलं, तिथे कुजबुज ऐकायला कोणाला वेळ?

जन्म माझा मेरठचा. तिथल्या कारागिरांनी पितळेचा पत्रा ठोकून-वाकवून मला घडवलं आणि नाशिकला धाडलं. भद्रकालीतल्या बँडच्या दुकानात जमीलभाईंनी मला पहिल्यांदा ओठांना लावलं, तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. नंतर आम्ही दोघांनी मिळून किती नवरदेव मांडवात पोचवले, देव जाणे. सटाणा, नामपूर, लासलगाव... कांद्याला भाव आला की लग्नं जोरात, आणि लग्नं जोरात की माझे हाल! गुलाल, धूळ, नाचणाऱ्या मामांचे कोपर. माझ्या अंगावरचा एकेक पोचा कुणाच्या ना कुणाच्या आनंदातला आहे, म्हणून मी कधी कुरकुर केली नाही.

वरातीत आवाज खंडून चालत नाही. बँड थांबला की नाचणारे थांबतात आणि मुलाकडचे अंगावर येतात. त्यामुळे कुठे जरा रिकामी जागा दिसली की जमीलभाई तिथे सूर ओतायचे. हीच खोड घरीही आली. त्यांची बायको नूरबानो काही सांगायला लागली, की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हे उत्तर देऊन मोकळे. बिचारी उरलेलं वाक्य गिळून पोळ्या लाटायला लागायची.

मग जमीलभाईंचे पुढचे दात पडले. वाजवणाऱ्याचे वरचे दात माझ्या तोंडावर टेकलेले असतात. ते गेले की पकड गेली. कवळी बसवली, पण फुंकताना ती सरकायची. तेवढ्यात पुतण्या मुस्तकीमने बँडमध्ये कीबोर्डची गाडी आणली, तिच्यातून माझाही आवाज निघायचा. जमीलभाईंना 'येऊ नका' असं कुणी म्हणालं नाही. 'या' म्हणणं तेवढं बंद झालं. मी पेटीत गेलो आणि पेटी कपाटावर.

एके दिवशी एक हॉटेलवाला आला. त्याला भिंतीवर टांगायला जुनं वाद्य हवं होतं. मी वाजतो का, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. "रंगकाम संपलं की घेऊन जातो," म्हणाला. जमीलभाईंनी खाली बघत होकाराची मान हलवली. मी टांगला गेलो की हा माणूस पुन्हा कधीच वाजवणार नाही, हे मला कळत होतं.

त्याच आठवड्यात मनाली आली. जेल रोडच्या कॉलनीतली शिक्षिका. तिचे वडील भिमाजी हे बँडमध्ये जमीलभाईंच्या शेजारी ढोल वाजवायचे.

"चाचा, आम्ही काही जण जॅझ वाजवतो. सॅक्सोफोनला माणूस मिळत नाहीये. याल का?"

"बेटा, माझे दात गेले. आणि ते जॅझ-बिझ मला काय कळतंय?"

"आधी सगळे मिळून एक धून वाजवतो. मग एकेकजण पुढे होतो आणि जागेवर सुचेल ते वाजवतो. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, त्याला सांभाळून घ्यायचं."

"आणि त्याला काय सुचणार?"

"ते त्यालाही आधी माहीत नसतं."

"म्हणजे संसारच की!" जमीलभाई हसले. फार दिवसांनी हसले. कवळी घट्ट बसवून तिच्या घरी तालमीला गेले.

पहिल्याच दिवशी घोटाळा. मनाली कीबोर्डवर, रुद्र नावाचा मुलगा ड्रमवर. वाजवता वाजवता मनाली मध्ये थांबली, आणि यांनी सवयीने ती जागा दणक्यात भरून टाकली.

"चाचा, ती जागा मी मुद्दाम सोडली होती."

"मुद्दाम? अगं, लोक म्हणतील विसरली!"

"म्हणू देत. मी थांबते तेव्हा मला रुद्रचा ड्रम ऐकू येतो. तो काय म्हणतोय ते कळल्याशिवाय मी पुढे काय बोलू?"

जित्याची खोड काही लगेच जात नाही. पण पुढे पुढे जमीलभाई ओठ माझ्यावर तसेच ठेवून श्वास आवरायला लागले. त्यांचं ते थांबणं मला तोंडापाशी जाणवायचं. ते ऐकत होते!

मग एका रविवारी सकाळी, गंगापूर रोडवरच्या एका लहानशा सभागृहात आमचा कार्यक्रम झाला. मनालीने आग्रह करून नूरबानोलाही आणलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. सराव दुकानात व्हायचा, आणि लोकांच्या वरातीत ती कशाला जाईल?

जमीलभाई पुढे झाले. सुरुवात झकास झाली आणि ऐन रंगात कवळी सरकली. मी घाणेरडा किंचाळलो. वरातीत हे ढोलात बुडून गेलं असतं. इथे सगळं चिडीचूप. जमीलभाईंनी मला तोंडातून काढलं. मला वाटलं, संपलं, आता भिंत.

मनालीने ती जागा भरली नाही. माझा तो किंचाळलेला सूरच तिने कीबोर्डवर हलकेच वाजवला आणि जमीलभाईंकडे बघत राहिली. रुद्रनेही हात आवरला. दोघं थांबले होते ते जमीलभाईंसाठी. त्यांच्यासाठी असं कुणी कधी थांबलं नव्हतं.

जमीलभाईंनी रुमाल काढला, कवळी त्यात गुंडाळून खिशात टाकली, ओठ हिरड्यांवर दुमडून घेतले आणि फुंकलं. इतका मऊ आवाज माझ्यात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं! मनालीचाच सूर त्यांनी पुढे नेला, थोडं वाजवून थांबले आणि रुद्रला मानेने खूण केली.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी मला मांडीवर घेतलं. कवळी पुन्हा तोंडात बसली होती.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

नूरबानो गप्पच. एरवी एव्हाना त्यांनीच उत्तर देऊन टाकलं असतं. हॉटेलवाल्याचा फोन वाजून वाजून बंद झाला, तरी ते तिच्याकडेच बघत बसले. तिने पदराने डोळे पुसले.

"और एक बार बजाव ना," ती म्हणाली. "वैसेच. दात निकालके."

बरं मंडळी, माझं बोलणं आता पुरे. जमीलभाईंनी कवळी वाटीत काढून ठेवलीय आणि नूरबानो ऐकायला बसलीय.